त्र्यंबकरावांचे पोलादी पट्टे

वर्तकनगरच्या सोसायटीत गाळमाती उपसणारा नवा छोटा लोडर उतरला, तेव्हा त्र्यंबकरावांना हर्षवायू व्हायचाच बाकी होता. निवृत्तीनंतर हौसेने घेतलेलं यंत्र! कोलशेतच्या खाडीवरचा कोळ्यांचा धक्का गाळाने बुजला होता. तो उपसायचं काम मिळालं, तरच या हौसेला अर्थ होता. नुसते टायर गाळात रुतणार, म्हणून त्यांच्यावरून चढवायचे पट्टे निवडण्यात त्यांनी महिना घालवला. दुकानदार रबर लावलेले सुचवत होता, ते रस्ता खराब करत नाहीत म्हणून. "आम्हाला रस्त्याशी काय करायचंय?" असं म्हणत त्र्यंबकरावांनी बोटभर उंच आडव्या दातांचे, निव्वळ पोलादी पट्टे उचलले. मुलीला स्थळ पाहावं तशी एकेक कडी त्यांनी पारखली होती.

पण पूजेशिवाय यंत्र खाडीवर न्यायचं कसं? आधी दारात पूजा. धक्क्याचा कारभार पाहणाऱ्या गुणाजी कोळ्यांनाही त्यांनी बोलावलं. पट्टे पाहूनच ते काम द्यायचं की नाही ते ठरवणार होते.

त्र्यंबकरावांच्या पत्नी चित्राबाईंनी हळदकुंकू वाहिलं आणि पट्ट्यांपुढे लिंबं ठेवली. लोडर पुढे गेला. लिंबं दोन दातांच्या मधल्या फटीत बसली आणि मागून धडधाकट बाहेर आली.

"फुटली नाहीत हो," चित्राबाई म्हणाल्या. "अशी राहिलेली बरी नव्हेत."

लोडर मागे आला. लिंबं तशीच. मग त्र्यंबकरावांनी तो जागच्या जागी वळवला. असलं यंत्र घासतच वळतं. सोसायटीने सात वर्षं अर्ज केल्यावर, चारच दिवसांपूर्वी अंगणात पडलेलं डांबर पोळीसारखं उलटलं. उत्साहाच्या भरात त्यांनी आणखी दोन गिरक्या घेतल्या. लिंबं एकदाची फुटली, पण टाळी कुणी वाजवली नाही.

गुणाजी मात्र उकिडवे बसून ते खड्डे हाताने चाचपत होते.

"साहेब, डांबराची ही गत केलीत, तं चिखलाची काय बिशाद? काम तुमचंच. उद्या ओहोटीला या."

त्र्यंबकराव आनंदाने लोडरमधून खाली उतरले.

"उद्या नाही," सोसायटीच्या अध्यक्ष सरोजबाई शांतपणे म्हणाल्या. "उद्या त्र्यंबकराव उरलेलं डांबर उकरणार आहेत. आणि नवं घालूनही देणार आहेत."

"मंग परवा," गुणाजी म्हणाले.

त्र्यंबकरावांनी शरमेने मान खाली घातली. समोरच पट्टा होता. एवढ्या धुमाकुळानंतरही त्यावर साधा ओरखडा नव्हता, आणि सरोजबाईंची बोलणी खातानाही त्यांना हसू आवरेना.