पूरग्रस्त परत टेकाडावर

एका जंगलात, बाळांनो, एक नदी होती आणि एक सरपंच होता. नदी पावसाळ्यात फुगायची. सरपंच बाराही महिने फुगलेला असायचा. तो रानडुक्कर होता. नाव दंताजीराव.

एकदा नदीला पूर आला. मधल्या टेकाडावर एक सशीण तीन पिल्लांसह अडकली. जंगलात तराफा एकच होता. शेवरी नावाच्या तरुण पाणमांजरीने तो ढकलत नेला आणि चौघांना काठावर आणलं. कुणाला विचारलं नाही. आजकालच्या मुलींना वळण नसतं, हे तुम्ही घरी ऐकलं असेलच.

थोड्या वेळाने दंताजीराव पाहणीला आले. मागे म्हाताऱ्या वानरांची समिती.

"पूरग्रस्त कुठायत?"

"हे काय, तुमच्या पायाशी," शेवरी म्हणाली.

"म्हणजे टेकाडावर कुणीच नाही? मग मी पाहणी कसली करू? पाण्याची?"

समितीचे अध्यक्ष वानरआजोबा खाकरले. "पोरी, लोकप्रतिनिधी येईपर्यंत कळ काढायची असते. त्यांच्या हस्ते झाली तर ती सुटका. तू केलीस ती नुसती धावपळ."

"मग आता काय, आजोबा? परत नेऊन ठेवू यांना?"

शेवरी टोमणा मारत होती. बाळांनो, मोठ्यांना टोमणे मारू नयेत. ते त्याचा ठराव करतात.

ठराव एकमताने झाला. सशीण रडकुंडीला आली. "अहो आजोबा, पिल्लं काकडलीत माझी. पाणी चढतंय."

"पाच मिनिटांचं तर काम, सूनबाई. मोठ्यांचा मान राखावा."

शेवरी तराफ्यापुढे आडवी झाली. तिला बाजूला सारून दोन वानरांनी बांबू रेटत चौघांना पुन्हा टेकाडावर सोडलं आणि तराफा परत आणला.

मग सत्कार झाला. शाल झाली, श्रीफळ झालं. दंताजीरावांनी 'आपत्ती आणि आपण' या विषयावर भाषण केलं. समितीला बसायला कोरडी जागा नव्हती, म्हणून ती तराफ्यावर बसली. शेवरीने उठा म्हटलं, तर सगळे "शूऽऽ" म्हणाले. पाणी काही भाषण ऐकायला थांबलं नाही.

शेवटी हार घातलेले दंताजीराव तराफ्यावर उभे राहिले. पाणी चढल्याने मधल्या धारेत आता बांबू टेकेना, म्हणून ढकलायला शेवरीच लागली. आपत्ती समितीत पोहता कुणालाच येत नव्हतं.

जरा पुढे गेल्यावर ते म्हणाले, "थांबव. मला काठावरच्या जनतेकडे बघून हात हलवू दे."

टेकाडावरून किंकाळी आली. पाणी सशिणीच्या पोटाला लागलं होतं. तिन्ही पिल्लं तिच्या पाठीला चिकटली होती.

"अहो, बुडतायत ती!"

"ओरडू नकोस. डावीकडची जनता राहिलीय."

शेवरीने तराफा तिरका केला. दंताजीराव धपकन पाण्यात. रिकामा तराफा घेऊन ती सुसाट गेली. चौघं वाचली. दुसऱ्यांदा.

इकडे दंताजीराव गळ्यापर्यंत गाळात रुतले होते. हारातली फुलं त्यांच्या नाकपुड्यांत जात होती. काठावर वानरआजोबांचे डोळे भरून आले.

"बघा रे, बघा! साहेब स्वतः पुरात उतरले! याला म्हणतात झोकून देणं!"

वेली टाकून साहेबांना ओढून काढलं. ओल्या हारावर कोरडा हार पडला. पुढच्या निवडणुकीत ते बिनविरोध आले.

शेवरीला सरकारी तराफा तिरका केल्याबद्दल ताकीद मिळाली. सशीण तिच्या बाजूने बोलायला उठली, तेव्हा आजोबा मायेने म्हणाले, "बस, सूनबाई. पूरग्रस्तांनी फक्त आभार मानायचे असतात."

तात्पर्य: ज्याला पोहता येतं, त्याने पोहत राहावं. ज्याला चारचौघांत बुडता येतं, त्याने निवडणूक लढवावी.