उजव्या चाकाचा नट

"डावीकडे फिरवा, जावईबापू. नट म्हणजे नट, डावीकडेच सुटतो," सासरे स्टुलावरून म्हणाले.

जावई गेली दहा मिनिटं तेच करत होता. चाकाच्या मधोमध असलेल्या दोन कानांच्या नटावर तो लाकडी हातोड्याचे घाव घालत होता आणि नट दर घावासरशी आणखी घट्ट बसत होता. बिचारा घड्याळजी, चिमट्यापेक्षा जड हत्यार त्याने आयुष्यात धरलं नव्हतं.

सासऱ्यांच्या या दोन आसनांच्या जुन्या स्पोर्ट्स कारला हात लावायची त्याला बारा वर्षं परवानगी नव्हती. "माझ्याशिवाय हिचा स्क्रूही कुणी उघडलेला नाही," असं ते दर जेवणात ऐकवत. वर्षातून दोनदा ते गाडी मित्राच्या शेडमध्ये नेत आणि संध्याकाळी काळे हात घेऊन घरी येत. आज मात्र मायलेकी खरेदीला गेल्याबरोबर त्यांनी स्वतःहून फोन केला होता. "ब्रेक लागत नाहीत आणि माझी कंबर धरलीय. येता का?" जावई दुकान बंद करून धावत आला. सासऱ्यांनी एकदा तरी आपल्याला कामाचा माणूस म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं.

शेवटी त्याने सवयीने भिंग डोळ्याला लावलं. नटावर मळाखाली बाण कोरलेला होता, उजवीकडे वळलेला. या बाजूचे आटे उलटे होते. चाळीस वर्षं हा नट उघडणाऱ्याला हे ठाऊक नसावं?

"बाबा, जरा पाणी आणता?"

सासरे आत गेले, तेवढ्यात त्याने तीन घाव उलटे घातले.

"सुटला ना? जोर लागतो, जोर," परत आलेले सासरे म्हणाले.

चाक निघालं, ब्रेकचा ड्रमही निघाला. मग सासऱ्यांना राहवेना. ते स्टिअरिंगमागे जाऊन बसले आणि मायेने ब्रेकवर पाय दिला. उघड्या ब्रेकवर पाय द्यायचा नसतो, हे नवशिक्या कारागिरालाही माहीत असतं. आतला इवलासा पिस्टन टुणकन बाहेर उडाला, तेलाची पिचकारी जावयाच्या तोंडावर बसली आणि पिस्टन घरंगळत कपाटाखाली गेला.

"होतं असं कधीकधी," जावई चेहरा पुसत म्हणाला.

सासरे कंबर विसरून गुडघ्यांवर बसले. कपाटाखाली ग्रीसचा डबा कलंडला होता. दोन्ही हात त्यात चाचपून त्यांनी पिस्टन शोधून काढला. तेवढा लहान भाग हाती आल्यावर मात्र घड्याळजी रंगात आला. पिस्टन पुसला, रबर बदललं, सगळं चिमट्याने जागच्या जागी बसवलं. मग ड्रम उचलून तो आत निरखू लागला.

"काय शोधताय?"

"सवय हो. घड्याळ दुरुस्त केलं की झाकणाच्या आत बारीक खूण करतो आम्ही. तुमची आहे का बघत होतो."

सासरे ड्रम हातात घेऊन स्टुलावर टेकले.

"नसणारच. मी हा कधी उघडलाच नाही," ते म्हणाले. "लग्नाआधी हिला थाप मारली होती, गाडीचं सगळं मीच करतो म्हणून. मग निस्तरत बसलो. काम शेडमधला मिस्त्री करायचा, मी बाकावर बसायचो आणि निघताना हाताला ग्रीस फासायचो. तो आता गेला लेकाकडे राहायला." त्यांनी ड्रम पुढे सरकवला. "तुमची खूण करा. घरातल्या माणसाने आज पहिल्यांदाच उघडलाय."

बारा वर्षांत ही पदवी जावयाला प्रथमच मिळत होती. त्याने भिंग लावून बारीक खूण कोरली.

"हिला सांगू नका," सासरे म्हणाले.

"छे हो. झाकली मूठ."

मग ड्रम बसला आणि ब्रेकमधली हवा काढायला सासरे पुन्हा पेडलवर गेले. "दाबा." "दाबलं." "धरा." "धरलं." इतकं मुकाट्याने त्यांनी कुणाचंच कधी ऐकलं नव्हतं.

चाक चढलं, नट बसला आणि मायलेकी आल्या. सासूबाईंनी पिशव्या खाली ठेवल्या, साबण आणला आणि नवऱ्याचे हात हातात घेऊन उजेडात धरले.

"चाळीस वर्षं काळे हात घेऊन येताय," साबण चोळत त्या म्हणाल्या, "पण नखांत ग्रीस गेलेलं आजच बघतेय."