सावंतांचा सकर मासा

आमच्या घरी आंघोळीला जाताना परवानगी घ्यावी लागते. सावंतांची नव्हे, त्यांच्या माशाची!

कुवेतमधल्या सबाह अल-सालेमच्या या फ्लॅटमध्ये आम्ही दोघेच. मी हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन, सावंत राई नावाच्या कारखान्यांच्या भागात एसी दुरुस्त करतात. माझी बायकामुलं पुण्यात, त्यांची कोकणात. सुट्टीवरून येताना लोक लोणचं आणतात, या माणसाने गावच्या ओढ्यातले सात दगड आणले. आमचं विमान एकच होतं, पण कस्टमवाल्याने बॅग उघडली तेव्हा मी ओळखच दाखवली नाही.

ते दगड आमच्या बाथटबमध्ये, आणि दगडाला चिकटलेला हा बोटभर सकर. आणलाय इथल्याच दुकानातून, पण सावंतांचं कौतुक बघा! "तोंड बघा, पोटाकडे. व्हावत्या पाण्यात दगड धरून रवता, शेवाळ खरवडून खाता. पाणी थांबला की जीव घुसमटता." म्हणून भंगारातल्या कूलरचा पंप टबात चोवीस तास घरघरतो. परवा मी शेवाळावरून घसरलो, तर हे विचारतात, "शेवाळ खरडूक नाय ना? जेवाण आसा ता त्याचा!" काही बोलायला जावं, तर ठरलेलं उत्तर: "तुमका कळाचा नाय, जोशीनू."

ऑगस्टात माझं डोकं फिरलं. सावंत कामावर गेल्यावर रबरी मोजे चढवले, माशाला बादलीत काढलं, टब घासून लख्ख केला आणि थंडचा नळ सोडून भरला. अहो, कुवेतच्या उन्हाळ्यात थंडचा नळ म्हणजे गच्चीवरच्या टाकीतलं कढत पाणी! गार हवं तर गीझर बंद ठेवून गरमचा नळ सोडायचा, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. नऊ वर्षं मीही तेच करतोय. पण रागाच्या भरात हात पुण्याच्या सवयीने वळला. मासा टबात सोडला आणि तो आडवाच झाला.

तेवढ्यात सावंत जेवायला आले. मी त त प प करत सगळं सांगितलं. त्यांनी गरमच्या नळाची गार धार सोडली, मासा तळहातावर घेतला, त्याचं तोंड धारेकडे केलं आणि कामाच्या कपड्यांनिशी ओल्या फरशीवर बसले. फोरमनचा फोन वाजून वाजून थकला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तासाभराने शेपटी हलली. मासा सरळ झाला आणि त्यांच्या तळहातालाच चिकटला.

"सावंत, सोडा आता त्याला पाण्यात."

"रवांदे जरा. अकरा वर्षांत माका कोणी इतक्या घट्ट धरूक नाय, जोशीनू. पोरगो तर आता विमानतळार जवळसुद्धा येना नाय."

मी चहा केला. त्यांचा हात अडकलेला होता, म्हणून कप मीच त्यांच्या तोंडाशी धरला.