दुसरी रांग, पहिला पाट

माळमड्डीतल्या घराची पुढची खोली कॉम्प्युटर क्लासला मिळावी, म्हणून श्रीवत्स वर्षभर बाळाचार्यांच्या मागे लागला होता. बाळाचार्य म्हणजे त्याचे आजोबा. घर त्यांच्या नावावर आणि नकार कायम जिभेवर. "आधी त्या यंत्राचा घराला काय उपयोग ते दाखव," असं ते म्हणत. बहिणीच्या, मेधाच्या साखरपुड्यात श्रीवत्सनं ते दाखवायचं ठरवलं.

पाच रांगा, रांगेत पाच पाट. पहिली रांग व्याह्यांकडची. दुसरी शुगरवाल्यांची, आणि तिचा पहिला पाट खुद्द बाळाचार्यांचा. श्रीवत्सनं सगळी नावं द्विमितीय अ‍ॅरेत भरली, म्हणजे प्रत्येक नावाला दोन आकडे: आधी रांग, मग पाट. छापलेल्या चिठ्ठ्या पाटांवर ठेवून त्यानं वाढप्या भीमसेनला बजावलं, "दुसऱ्या रांगेत पुरणपोळी फिरवायची नाही. मागितली तरी नाही."

छापताना त्या दोन आकड्यांची अदलाबदल झाली होती. रांगा पाच आणि पाटही पाच, त्यामुळे यंत्रानं कुरकूर केली नाही. वरमाय भागीरथीबाईंची जागा पहिल्या रांगेत दुसरी. त्या गेल्या दुसऱ्या रांगेत पहिल्या पाटावर, आणि त्यांच्या जागी, व्याह्यांच्या शेजारी, बाळाचार्य आले. यांच्याकडे अशीच रीत असेल, असं भागीरथीबाईंना वाटलं. बाळाचार्यांना काय वाटलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

पोळ्या निघाल्या.

"अहो, इकडं राहिलं," भागीरथीबाई म्हणाल्या.

"राहिलं नाही. ह्या रांगेला गोड नाही," भीमसेन म्हणाला.

"का?"

"शुगर आहे म्हणून."

"कुणाला?"

"तुम्हालाच री," भीमसेन अदबीनं म्हणाला.

भागीरथीबाईंचा हात थांबला. "आमच्या घरात कुणाला शुगर नाही. संशय होता तर मुलगा बघायला आलात तेव्हाच विचारायचं. असं पंगतीत काढतात काय?"

व्याह्यांचाही घास हातात राहिला. दारात उभ्या मेधाचा चेहरा उतरला. श्रीवत्स धावत आला, त्यानं चिठ्ठ्या पाहिल्या आणि आकडे उलटल्याचं त्याच्या लक्षात आलं.

"माझं चुकलं, मावशी. तुमची जागा तिकडं होती. जरा उठून..."

"भरल्या पानावरनं उठू?"

भरल्या पानावरून वरमाय उठली तर सोयरीकच उठते, हे कॉम्प्युटरला कळत नसलं तरी श्रीवत्सला कळायला हवं होतं.

"आणि माझ्या जागेवर कोण बसलंय?" भागीरथीबाईंनी विचारलं.

सगळ्यांच्या माना वळल्या. बाळाचार्य तिसऱ्या पोळीवर तूप घेत होते.

"अज्जा, तुम्हाला शुगर आहे," श्रीवत्स कळवळून म्हणाला.

"चिठ्ठी माझ्या नावाची आहे," बाळाचार्य म्हणाले. "आणि भरल्या पानावरनं उठता येत नाही."

भागीरथीबाईंना आधी ठसका लागला, मग हसू आवरेना. "मला दोन वाढा," त्या भीमसेनला म्हणाल्या. "आचार्य सगळ्या संपवायच्या आत."

बाकीचे शुगरवालेही तीन रांगांत विखरून मुकाट पोळ्या खात होते. फक्त अंबूताईंची जागा दुसऱ्या रांगेत दुसरी. ती उलटली तरी तिथंच. त्यांना गोड मिळालं नाही आणि त्या श्रीवत्सशी बोलायच्या बंद झाल्या.

पाहुणे गेल्यावर श्रीवत्स आजोबांपुढं मान खाली घालून उभा राहिला. खोलीवर त्यानं पाणी सोडलं होतं.

"पुढची खोली घे," बाळाचार्य म्हणाले. "उपयोग आहे यंत्राचा."

"खरंच, अज्जा? लग्नाच्या आत ती चूक दुरुस्त करतो."

"लग्नाच्या चिठ्ठ्याही त्याच्यावरच काढ," बाळाचार्य म्हणाले. "दुरुस्तीला हात लावलास, तर खोली परत."