सुखदेवमामांचं वॉल्व्हचं मशीन

आमचे शेजारी सुखदेवमामा जगातली बहुतेक कामं एकाच हातानं करतात. उजव्या. डावा हात मूठ आवळून पाठीमागं कमरेवर ठेवलेला असतो. कुलूप उजव्या हातानं, चहाची बशी उजव्या हातानं, आणि समोरून कुणी 'जय भीम, मामा' म्हणालं तर उजवा हात एकटाच छातीपाशी येऊन परत जातो. मी बदली होऊन दौंडच्या शाळेत आलो तेव्हा मला वाटलं, यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला असावा. म्हणून एकदा पुढं होऊन मी त्यांची पाण्याची बादली उचलली. मामांनी डावा हात बाहेर काढला, बादली माझ्याकडून काढून घेतली, उजव्या हातात दिली आणि डावा हात पुन्हा मागं नेऊन ठेवला. फडताळात डबा ठेवावा तसा.

याचं कारण पुढं कळलं. मामांची सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात झाली, पण त्यांचा खरा जीव वॉल्व्हच्या मशीनमध्ये. वॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या त्या काचेच्या नळ्या, आत लालसर पेटणाऱ्या. असल्या मशीनच्या पोटात साडेतीनशे व्होल्ट फिरत असतात आणि बंद केल्यावरही ते बराच वेळ आत दबा धरून बसतात. दोन्ही हात आत घातले की करंट एका हातातून शिरतो, दुसऱ्यातून बाहेर पडतो.

"आन् मधी काळीज," मामा म्हणाले. "एक हात मागं ठेवला की काळीज वाटंत येत न्हाई."

मी विचारलं की बादलीत कुठं करंट असतो? तर म्हणाले, सवय बादलीवर मोडली की एक दिस मशीनवर मोडती. करंट कुणाचा पाव्हणा न्हाई.

हे त्यांचं आवडतं वाक्य. पाहुण्याचं लग्न असो, सोसायटीची निवडणूक असो, मामा ते कुठंही बसवतात. दुसरं वाक्य 'घाई केली की धूर'. हे ते मुख्यतः मामींना म्हणतात, स्वयंपाक चाललेला असताना. त्यावर मामी जे म्हणतात ते इथं लिहीत नाही.

शेवंतामामी अंगानं बारीक आणि आवाजानं खणखणीत. त्यांचं साधं बोलणंही गल्लीच्या टोकाला ऐकू जातं. त्यांना स्वतःला मात्र अलीकडं कमी ऐकू येतं. मी मीठ मागायला गेलो की मला पीठ मिळायचं. मी ते मुकाट घेऊन यायचो आणि आमच्याकडं पोळ्या अळणी व्हायच्या. शिरूरच्या कानाच्या डॉक्टरांनी त्यांना कानाचं मशीन दिलं होतं. ते त्यांनी थोडे दिवस लावलं आणि डबीत घालून ठेवून दिलं. म्हणायच्या, ह्यात माणसं कमी आन् चमचेच जास्त ऐकू येत्यात.

मामांचं मशीन म्हणजे गिटारचा ॲम्प्लिफायर. दौंडच्या रेल्वे कॉलनीत पूर्वी फ्रान्सिस नावाचे एक इंजिन ड्रायव्हर राहायचे. नाताळात कॉलनीत नाच व्हायचा, तेव्हा ते हे मशीन लावून गिटार वाजवायचे. तरुण सुखदेव त्यांच्या खिडकीखाली उभं राहून ऐकायचा. ड्रायव्हरसाहेबांनी त्याला आत बोलावलं, गिटार शिकवली, आणि मुलांकडं परदेशी जाताना गिटार आणि मशीन दोन्ही त्याच्या हवाली करून गेले. पुढं मामांच्या गायन पार्टीत हेच मशीन वाजायला लागलं. खुटबावपासून निमोण्यापर्यंत जयंत्यांना बैलगाडीतून, टेम्पोतून, एकदा तर उसाच्या ट्रॉलीतून ते हिंडलं. मग पार्टी मोडली. मशीन पोटमाळ्यावर गेलं. त्याच्यावर कांदे पसरले जायचे, आत उंदरांनी संसार थाटला होता.

निवृत्त झाल्यावर मामांनी ते खाली काढलं. उंदीर बाहेर काढले, तारा बदलल्या, सुकून गेलेले कंडेन्सर बदलले, स्पीकरचा फाटका कागद डिंक आणि पतंगाचा कागद लावून सांधला. वॉल्व्ह मात्र मेलेले होते आणि ते काही कुठं मिळेनात. शेवटी कुणीतरी सांगितलं की तळेगाव ढमढेऱ्यात एक रेडिओ दुरुस्त करणारे होते, ते वारले, पण त्यांच्या बायकोनं सामान टाकलेलं नाही. एका रविवारी मामा माझ्या मोटारसायकलवर मागं बसले आणि आम्ही चौफुल्यावरून न्हावऱ्याच्या रस्त्याला लागलो. एक हात कमरेवर ठेवून मागं बसलेला माणूस घेऊन गाडी चालवणं किती अवघड असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

त्या रेडिओवाल्यांच्या घरच्या आजी बाजाराला निघाल्या होत्या, आम्हाला बघून थांबल्या. त्यांनी पत्र्याची पेटी उघडली. मामांनी एकेक वॉल्व्ह उन्हात धरून पाहिला आणि लागणारे तेवढे बाजूला काढले. मग प्रश्न पडला की एवढ्या खड्ड्यांतून ही काच न्यायची कशी? आजींनी घरात जाऊन डबाभर बाजरी आणली आणि वॉल्व्ह तिच्यात पुरून दिले. म्हणाल्या, आमच्यात अंडी अशीच पाठवत्यात. दौंड येईपर्यंत मामांनी तो डबा पोटाशी धरला होता. दोन्ही हातांनी, हे मी आरशात पाहिलं.

घरी आल्यावर मामा हातपाय धुवायला गेले. मामींना वाटलं, बाजारातून बाजरी आली. त्यांनी डबा उचलला आणि दळायला द्यायच्या आधी पाखडायला सुपात ओतला. मामा टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आले तर मामी सुपाकडं टक लावून बसलेल्या. "अहो, बाजरीत औषधाच्या बाटल्या निघाल्या," त्या म्हणाल्या. मामा मटकन खालीच बसले. पण एकही वॉल्व्ह फुटला नव्हता. बाजरीची भाकरी आम्हीही खाल्ली.

मशीन वाजायला लागलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आवाजालाही ऊब असते. मामांनी एकच तार छेडली. तो आवाज कानावर आपटला नाही, खोलीत पसरला आणि बसला. बातमी कशी पसरली कुणास ठाऊक, पण पुण्याहून एक गिटारवाला तरुण मशीन बघायला आला. केस मागं बांधलेले, बोलायला फार गोड. त्यानं मामांना वाकून नमस्कार केला, तासभर वाजवलं आणि जाताना कळवळून सांगितलं की काका, आता ह्यात काहीही बदलू नका, असं ओरिजिनल मशीन आता बघायलाही मिळत नाही. मलाही ते पटलं. मामांनी मान डोलावली, त्याला चहा पाजला, स्टँडपर्यंत पोचवून आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रिल मशीन आणून त्या ओरिजिनल पत्र्याला भोक पाडलं.

मला राग आला. एवढी खटपट करून जिवंत केलेली वस्तू कुणी अशी बिघडवतं का? मामा ऐकेनात. माइकसाठी वेगळं भोक, त्याला वेगळं बटण, आत नवे तुकडे. गिटारचा तो सुंदर, टोकदार वरचा आवाज त्यांनी कापत कापत नेला आणि मधलाच आवाज फुगवला. माझ्या कानाला मशीन पार भरड्या गळ्याचं झालं. शिवाय त्यांनी सागवानी फळ्यांची एक बसकी पेटी केली, बसता येईल एवढी, आणि तिच्या पोटात दुसरा स्पीकर बसवला.

रोज संध्याकाळी मामा एक तार छेडायचे आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून विचारायचे, "आलं का?"

"आलं संपलंय," आतून उत्तर यायचं. "येताना घेऊन या."

मग मामा एखादा तुकडा बदलायचे आणि खरंच आलं आणायला जायचे. त्या महिन्यात त्यांच्याकडं एवढं आलं साठलं की मामींनी आम्हालाही वाटलं.

शेवटी एक दिवस मी त्यांना सरळ विचारलं की मामा, हे नक्की कुणासाठी चाललंय? ते मशीनमध्ये डोकं घालून होते. डोकं बाहेर न काढताच बोलले. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की त्यांच्या गायन पार्टीची गायिका शेवंतामामी होत्या. मामा तिथं गिटार घेऊन गेले, ते त्यांच्या मागं वाजवायला म्हणून, आणि लग्नही तिथंच ठरलं. पार्टी मोडल्यावरही मामी जयंतीला एखादं गाणं म्हणायच्या. मग एका वर्षी गाताना त्यांचा सूर हार्मोनियमपासून सुटला. त्यांना ते ऐकूच आलं नाही. गाणं संपल्यावर लोकांनी खूप टाळ्या वाजवल्या. मुलं उठून उभी राहिली, कुणी शाल घातली.

"लोकं हसली असती तर ती भांडली असती," मामा म्हणाले. "मायेनं टाळ्या वाजवल्या. तिला चेहऱ्यावरनं कळलं. तवापासनं घरात अंगाई सुदिक न्हाई."

मामींना वरचे आवाज ऐकू येत नव्हते, मधले येत होते. आणि आवाज मोठा केला की कानात नुसता खडखडाट व्हायचा. म्हणून मामा त्यांना ऐकू येईल तेवढाच आवाज ठेवून बाकीचा कापत चालले होते. पेटीवर बसलं की उरलेला सूर फळीतून अंगाला लागेल, असा त्यांचा हिशेब. तो कितपत बरोबर होता हे मला सांगता येणार नाही. पण त्या दिवसापासून मी ओरिजिनलचं नाव काढलं नाही.

पहिला प्रयोग साफ फसला. मामांनी मामींना आग्रहानं पेटीवर बसवलं, हातात माइक दिला आणि मशीन कुईऽऽ करून किंचाळलं. कुत्री उठली. मामींनी माइक खाली ठेवला. ह्या वयात हे थेर नकोत, माझी भांडी पडलीत, असं म्हणून त्या आत गेल्या. बराच वेळ नळाखाली भांडी आपटत राहिल्या. मामा पेटीशेजारी जमिनीवर बसून राहिले. त्या दिवशी 'घाई केली की धूर'सुद्धा त्यांनी म्हटलं नाही.

नंतर त्यांनी पेटीला आतून जुनी गोधडी लावली, माइकची जागा बदलली, आणि मामींना पुन्हा काहीच म्हणाले नाहीत. रोज दुपारी एकटेच गिटार वाजवत बसायचे. पेटी दाराजवळ उजेडात ठेवलेली असायची. मामी तिला वळसा घालून जायच्या.

आणि मग एका दुपारी मी शाळेतून येऊन किल्ली मागायला त्यांच्या दारात गेलो, तर मामी पेटीवर बसल्या होत्या. मांडीवर तांदळाचं ताट. उजेड तिथंच होता म्हणून बसल्या असतील. मामा भिंतीला टेकून वाजवत होते, एकच जुनी चाल, सावकाश. मामींचा तांदूळ निवडणारा हात मधूनच थांबायचा. एकदा त्यांनी तळवा पेटीच्या फळीवर ठेवला आणि तो तसाच राहिला. मी दारातच थांबलो.

त्या गुणगुणायला लागल्या. मामांनी वर पाहिलं नाही. वाजवता वाजवता पायानं माइकचा स्टँड थोडा थोडा सरकवत त्यांच्यापुढं आणला. मामींनी तोही पाहिला असणार, पण उठल्या नाहीत. आवाज मशीनमधून यायला लागला, पिकलेला, थोडा घोगरा. पहिली ओळ चाचपडत आली. दुसऱ्या ओळीत त्या थांबल्या आणि म्हणाल्या की एवढी उंच पट्टी आता जमायची नाही, खाली घ्या. मामांनी खाली घेतली. मग मामींनी अख्खं कडवं म्हटलं, डोळे मिटून, आणि माझ्यासारख्या माणसालाही कळत होतं की सूर आणि त्या एकत्र चालल्या आहेत.

दुसऱ्या कडव्याच्या मध्येच मामी गप्प झाल्या. कपाळावर आठी. मामांचा चेहरा उतरला.

"थांबा," मामी म्हणाल्या. "तुमची तिसरी तार उतरलीया."

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मामांनी गिटार कानाशी नेली, तिसरी तार छेडली, मग शेजारची. उन्हाळ्याच्या धगीनं खरंच थोडी सैल पडली होती. ते उठून मशीनपाशी गेले, आमच्याकडं पाठ करून एक बटण उगाच इकडं तिकडं फिरवत राहिले. ते बटण कशाचं होतं, कोण जाणे, आवाजात काहीच फरक पडत नव्हता. मामी ताटातल्या तांदळाकडं बघत वाट पाहत होत्या.

मग ते परत येऊन बसले, खुंटी पिळली, तार छेडली आणि मामींकडं पाहिलं.

"अजून जरा," मामी म्हणाल्या.