तक्रारींची फाइल

तंद्रीरावांची योजना इतकी साधी होती की त्यांना अधूनमधून स्वतःचाच हेवा वाटायचा. तंद्रीराव हे ऑफिसनं ठेवलेलं नाव. घरी बायको नुसतं "अहो, ऐकताय का?" म्हणायची, आणि ते बहुधा ऐकत नसायचे.

काम कर्नलचं. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात बसून सगळा कारभार हाकणारा प्रोग्राम. त्याला काही सांगायचं तर आजवर किचकट आज्ञा पाठ कराव्या लागत. तंद्रीरावांनी ठरवलं, नुसत्या फाइली ठेवायच्या. कॉम्प्युटरच्या पंख्याची एक, त्याच्या झोपेची एक. फाइल उघडायची, आकडा बदलायचा, की पंखा मंद. डोळे मिटले की त्या फाइली त्यांना संथ पाण्यावर तरंगताना दिसत.

त्यातली लाडकी फाइल तक्रारींची. कर्नलचं काही दुखलंखुपलं की तो तिच्यात एक ओळ लिहिणार, आणि कुणी वाचली की ती ओळ आपोआप पुसली जाणार.

"पुसायची कशाला?" शेजारच्या टेबलावरच्या चाचणीवाल्या ताईंनी विचारलं.

"मनात साचून राहत नाही. हलकं वाटतं."

"कुणाला?"

"कर्नलला," तंद्रीराव म्हणाले आणि खिडकीबाहेर ढग बघत बसले.

त्या दिवशी मोठ्या बाई योजना तपासायला येणार होत्या. त्या हो म्हणाल्या तर ती कर्नलच्या नव्या आवृत्तीत जाणार, नाहीतर वर्षाची मेहनत पाण्यात. आणि नेमका सकाळीच कॉम्प्युटर पेंगायला लागला. तंद्रीरावांनी फाइल उघडली. आत खरोखरच एक ओळ होती. कर्नलनं आपल्याला लिहिलं, या विचारानं त्यांना भरून आलं. ते भरून आलेलं ओसरेपर्यंत ओळ पुसली गेली.

"काय होतं?" ताईंनी विचारलं.

"लांबलचक होतं. मनापासून लिहिलेलं वाटलं."

ताईंनी कपाळाला हात लावला.

दुसरी तक्रार आली ती दोघांच्याही आधी भलत्यानंच वाचली. कॉम्प्युटरमध्ये एक शोध घेणारा प्रोग्राम असतो. तो फावल्या वेळात सगळ्या फाइली वाचत हिंडतो. त्यानं हीही चाटूनपुसून साफ केली. तंद्रीरावांनी त्याला बंद केलं. फाइलीचा आकार वाढला, म्हणजे तिसरी तक्रार आली, हे दिसताच त्यांनी जाहीर केलं, "बाई येईपर्यंत कुणीही तिकडे बघायचं नाही."

फाइल उघडल्याशिवाय नुसतं बघून काही होत नव्हतं, पण धसका तो धसकाच. सगळे पडद्याकडे पाठ करून गप्प उभे राहिले. हिशेब विभागातले काका पाणी प्यायला आले, त्यांनी हे पाहिलं आणि कोण गेलं हे न विचारताच मान खाली घालून तेही रांगेत उभे राहिले. दुपारचं ऊन हळूहळू टेबलांवरून सरकत होतं. तंद्रीरावांना ती शांतता फार आवडली.

मोठ्या बाई आल्या. त्यांनी रांगेकडे एकदा पाहिलं, खुर्ची ओढली, फाइल उघडली, चष्मा सावरून वाचली आणि बंद केली.

"कल्पना छान आहे. किरकोळ चूक आहे, त्यात लिहिलीय. तेवढी आज दुरुस्त करा, मी लगेच मंजुरी देते." एवढं बोलून त्या लिफ्टकडे निघाल्या.

तंद्रीराव हरखले. लगबगीनं त्यांनी फाइल उघडली. आत काहीच नव्हतं. ते धावत सुटले, लिफ्टचं दार मिटता मिटता त्यांनी हात घातला.

"बाई, काय लिहिलं होतं हो त्यात?"

"आता ते कुठून आठवणार?" बाई म्हणाल्या. "वाचलेलं मी डोक्यात ठेवत नाही. फाइल असते ना त्यासाठी."