विस्तवाचा दाखला

आंबेटेपाडा ग्रामपंचायतीच्या हद्दीत लाकडावर लाकूड घासून जन्मलेल्या प्रत्येक विस्तवाची एकवीस दिवसांच्या आत जन्मनोंद करावी लागे. काडीपेटीतल्या विस्तवाची नोंद कारखान्यातच झालेली असल्यामुळे त्याला कुणी काही विचारत नसे.

चांगुणा हिलमला हे ठाऊक होतं. पण पुलावरून पाणी गेलं, दुकान आठवडाभर बंद राहिलं आणि घरातली शेवटची काडीपेटी सादळली, तेव्हा एकट्या बाईनं करावं तरी काय? सावरीच्या फळीला खाच पाडून तिनं निरगुडीची काडी तळहातांत धरली आणि फोड येईस्तोवर घुसळली. खाचेतला भुसा तपकिरी झाला, मग काळा, मग धुरकटला. तो सुक्या गवतात घेऊन तिनं हळूहळू फुंकर घातली. विस्तव जन्मला. घरात बोलायला कुणीतरी झालं.

एकविसाव्या दिवशी त्याला मडक्यात घालून, वर राखेचं पांघरूण घालून ती पंचायतीत आली. ग्रामसेवक झेंडे भाऊसाहेब माणूस वाईट नव्हते, पण त्यांच्या टेबलाशेजारी पाण्याची बादली भरलेली असे. नोंद न झालेले विस्तव तिथेच संपत.

"मुलगा की मुलगी?"

"आता ते कसं सांगू, भाऊसाहेब?"

"घरात काय म्हणता? आग की विस्तव?"

"विस्तव."

"मग मुलगा. वडील?"

"निरगुडीची काडी. त्याच दिवशी जळून गेली."

भाऊसाहेबांनी पेन थांबवलं. "वाईट झालं. आई?"

"सावरीची फळी. आहे घरी."

"आईची सही लागेल."

"मी करते की."

"तुमची कशी चालेल? तुम्ही नुसत्या सुईण."

चांगुणानं बादलीकडे पाहिलं. "फळी घेऊन येते. तोवर ह्याला बघाल?"

"पाचला खिडकी बंद होते," भाऊसाहेब म्हणाले आणि त्यांनी मडकं स्वतःकडे ओढून घेतलं.

ती धावतपळत दोन कोस गेली नि आली. पाचला दहा मिनिटं कमी होती. मडक्यातून उजेड येत होता.

"रडायला लागला होता," भाऊसाहेब जरा ओशाळून म्हणाले. "दोन कोरे अर्ज चारले."

चांगुणानं फळी टेबलावर ठेवली. "शिकलेली नाही ती."

"मग अंगठा."

तिनं फळीची जळकी खाच कागदावर दाबली. गोल, काळा ठसा उमटला. शाईसुद्धा लागली नाही. भाऊसाहेबांनी तो उजेडात धरून पाहिला. "स्पष्ट आहे. नाव?"

नावाचा तिनं विचारच केला नव्हता. "सोमवारी झाला. सोमा लिहा."

भाऊसाहेबांनी शिक्का मारला आणि दाखला तिच्या हातात दिला. "बुधवारी लस आहे. चुकवू नका."

बुधवारी नर्सबाईंनी सोमाला सुई टोचली. तो एकदाच तडतडला. संध्याकाळी चांगुणानं हात पुढे करून पाहिलं, तर अंगात चांगलाच ताप होता. एखादा दिवस राहील, असं बाईंनी सांगितलंच होतं. ती चूल सोडून कुठे गेली नाही.